एपी किती घ्यायचे? अमेरिकेतल्या हायस्कूलचे विषय निवडताना

जानेवारी संपत आला की इथल्या बऱ्याच हायस्कूलांमध्ये पुढच्या वर्षीच्या विषयनिवडीचा फॉर्म येतो. भरायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, आणि नेमका तेव्हाच मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न फिरू लागतो, "तुमच्याकडे किती एपी घेताय?" एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय. कोणी पाच म्हणतं, कोणी सहा. ज्यांच्या घरी तीन ठरलेले असतात ते ग्रुपवर काही बोलत नाहीत, पण रात्री जेवताना मुलाला विचारतात, "अजून एखादा घेऊन बघतोस का?"

त्या दिवसांत हाताशी असावा म्हणून हा लेख लिहिते आहे. माझ्याकडे गणितासाठी हायस्कूलची मुलं येतात, त्यामुळे ऑक्टोबरात कोणाचं काय होतं ते जवळून दिसतं. माझं मत आधीच सांगते. एपीचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी मुलाच्या आठवड्याचे तास मांडायचे, त्यात झोप पहिली लिहायची, आणि जे तास उरतील त्यांत बसतील तेवढेच अवघड विषय घ्यायचे. एका रविवारच्या दुपारी कागद-पेन्सिल घेऊन हे काम होतं. पेन्सिल मात्र मुलाच्या हातात हवी.

पहिलं काम: कोणता विषय कोणत्या पातळीचा, हे नीट समजून घ्या

आपल्यापैकी बहुतेकांनी महाराष्ट्रात अकरावीला एकदा शाखा निवडली आणि मग बारावीच्या एका परीक्षेकडे डोळे लावून बसलो. इथे तसं नाही. नववीच्या पहिल्या सेमिस्टरपासूनचा प्रत्येक ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, चढतो आणि तिथेच राहतो. शिवाय एकच विषय दोन-तीन पातळ्यांवर मिळतो: रेग्युलर, ऑनर्स, एपी. म्हणून इथली निवड दर वर्षी आणि दर विषयाला नव्याने करायची असते.

ऑनर्सचा अभ्यासक्रम शाळा किंवा डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या शाळा चालवणारी यंत्रणा) ठरवते, त्यामुळे एका शाळेतलं ऑनर्स केमिस्ट्री दुसऱ्या शाळेतल्या एपीइतकंही जड असू शकतं. एपीचा आराखडा कॉलेज बोर्डाचा, म्हणजे एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा. सध्या असे ४०च्या आसपास विषय आहेत, मे महिन्यात देशभर एकाच वेळापत्रकाने परीक्षा होतात आणि जुलैमध्ये १ ते ५ असे गुण येतात.

इथे पालकांचा एक गोंधळ हमखास होतो. एपी वर्गातला ग्रेड आणि एपी परीक्षेचे गुण या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रेड वर्षभराच्या कामावर शाळा देते, तो ट्रान्सक्रिप्टवर जातो आणि कॉलेजला दिसतोच. परीक्षेचे गुण कॉलेज बोर्डाकडे असतात आणि अर्ज करताना बहुतेक ठिकाणी ते सांगायचे की नाही हे विद्यार्थी ठरवतो. त्यामुळे "मेमध्ये ५ काढेल की, वर्गात बी आला तर काय बिघडलं" हा हिशेब अर्जाच्या वेळी चुकीचा ठरतो. अर्जात आधी वाचला जातो तो ग्रेड.

काही शाळांत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा असतो. त्यात सुटे विषय उचलायचे नसून पूर्ण संच घ्यायचा असतो. एकूण ६ विषय, त्यांतले ३ किंवा ४ हायर लेव्हलचे, जोडीला ४,००० शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, थिअरी ऑफ नॉलेज आणि शाळेबाहेरचे उपक्रम. चहूकडे सारखं चालणाऱ्या मुलाला तो छान जमतो. ज्याला फक्त गणित-विज्ञानात गती आहे त्याची त्यात ओढाताण होते.

ड्युअल एनरोलमेंट म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचा कोर्स घेणं. बऱ्याच राज्यांत तो फुकट किंवा अगदी स्वस्त पडतो, म्हणून मोह होतो. पण तिथला ग्रेड कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर बसतो. पुढे मेडिकल स्कूलला अर्ज करायचा झाला तर हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या कॉलेज कोर्सचे ग्रेडही द्यावे लागतात आणि ते जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, मोजले जातात. मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणत असेल तर सोळाव्या वर्षी "सहज म्हणून" घेतलेला कोर्स तिच्याबरोबर बरीच वर्षं चालणार आहे, हे तिला आधीच सांगा.

दुसरं काम: कॉलेजं नक्की काय बघतात ते जाणून घ्या

अवघड विषयांना महत्त्व नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. निवडक कॉलेजांत अर्ज वाचताना ग्रेड आणि विषयांची काठिण्यपातळी या दोन गोष्टी सगळ्यात वर असतात. पण ही पातळी मोजली जाते ती मुलाच्या स्वतःच्या शाळेच्या चौकटीत. प्रत्येक शाळा ट्रान्सक्रिप्टबरोबर स्कूल प्रोफाइल पाठवते. शाळेत किती एपी मिळतात, कोणते विषय कोणत्या वर्षी घेता येतात, हे सगळं त्यात असतं. ज्या शाळेत ७च एपी आहेत तिथल्या मुलाची २५ एपी असलेल्या शाळेतल्या मुलाशी आकड्यावर तुलना होत नाही.

कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांचा सामाईक अर्ज) काउन्सेलरला, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाला, एक प्रश्न असतो: शाळेतल्या कॉलेजला जाऊ पाहणाऱ्या इतर मुलांच्या मानाने या विद्यार्थ्याची विषयनिवड कितपत कठीण आहे? उत्तराला पाच पर्याय असतात, सगळ्यात वरचा 'मोस्ट डिमांडिंग'. या खुणेसाठी आपल्या शाळेत नेमकं काय लागतं, हे काउन्सेलरला सरळ विचारता येतं. पुष्कळ शाळांत ती रेषा पालक समजतात त्याच्या खूप अलीकडे असते. पाच मुख्य विषयांत वरची पातळी घेतलेली असली की काम होतं, सहावा-सातवा एपी घेऊन तीच खूण दुसऱ्यांदा मिळत नाही.

कॅलिफोर्नियातल्यांसाठी एक ठोस गोष्ट. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी जो जीपीए काढते त्यात दहावी-अकरावीचे ग्रेड धरले जातात. एपी किंवा मान्यताप्राप्त ऑनर्ससाठी मिळणारा जादा गुण जास्तीत जास्त ८ सेमिस्टरना मिळतो, आणि त्यांतली दहावीची ४ सेमिस्टरच चालतात. वर्षभराचे चार विषय झाले की ही भर संपली. अर्ज वाचणारे बाकीचे अवघड विषयही बघतात, पण "प्रत्येक एपीला जीपीए चढत जातो" ही समजूत तिथे चालत नाही. नववीचे ग्रेड या जीपीएत नसतात, तरी नववीचे विषय प्रवेशासाठी लागणाऱ्या यादीत मोजले जातात, त्यामुळे नववी वाऱ्यावर सोडूनही भागत नाही.

टेक्सासचं गणित वेगळं आहे. तिथे राज्याच्या कायद्यानुसार शाळेतल्या वरच्या १० टक्के विद्यार्थ्यांना सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो, आणि ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही रेषा आणखी वर आहे. साहजिकच तिथे क्लास रँकचा ध्यास लागतो. आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये रँक काढताना कोणते विषय धरतात हे लेखी नियमांत बघून घ्या. काही ठिकाणी ऑर्केस्ट्रा किंवा आर्टसारखे विषय त्यातून वगळलेले असतात. तसं असेल तर रँक घसरेल म्हणून मुलीचं व्हायोलिन सोडवायचं काही कारण नाही.

आणि क्रेडिटचं, म्हणजे एपीच्या गुणांवर कॉलेजचा एखादा कोर्स झाला असं धरण्याचं, म्हणाल तर ते कॉलेजागणिक बदलतं. युसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ३ किंवा त्याहून वरच्या गुणांना क्रेडिटची युनिट देते. कॅलटेक एपीसाठी क्रेडिट देत नाही. पैसे वाचतील म्हणून एपी घेत असाल तर ज्या तीन-चार कॉलेजांचा खरोखर विचार आहे त्यांच्या साइटवरचे एपीचे तक्ते उघडून बघा. त्यात अर्धा तास जातो आणि बऱ्याच भ्रामक आशा तिथल्या तिथे संपतात.

तिसरं काम: आठवड्याचे तास मांडा

आठवड्याचे तास १६८. त्यांत पहिली झोप लिहा. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी रोज ८ ते १० तास सांगते. मी ९ धरते, म्हणजे आठवड्याला ६३. हा आकडा पुढे जागा कमी पडली म्हणून खोडायचा नाही.

एक नमुना मांडून दाखवते. समजा मुलगी पुढच्या वर्षी ज्युनिअर होणार, म्हणजे अकरावीत जाणार. मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, भरतनाट्यम शिकते, रविवारी सकाळी मराठी शाळेत लहानांच्या वर्गात मदतनीस म्हणून जाते.

झोप ६३. शाळा आणि बस मिळून रोज ८, म्हणजे ४०. जेवणखाण, आंघोळ, आवराआवर रोजचे २, म्हणजे १४. हे सगळं वजा केलं की ५१ उरतात. फॉलमध्ये बँडच्या सरावाचे आणि शुक्रवारच्या फुटबॉल मॅचचे १२, नाचाचे जाण्यायेण्यासकट ४, मराठी शाळेचे ३. मैत्रिणी, घरच्यांबरोबरचा वेळ, फोन, नुसतं लोळणं यांना १०. या १०कडे बघून पालकांचा हात शिवशिवतो. तो आवरा. हे तास कागदावर नसले तरी मूल ते घेणारच आहे, आणि मग ते झोपेतून जातात. तेव्हा अभ्यासाला उरले २२.

आता विषय लिहा आणि प्रत्येकापुढे आठवड्याला घरी किती तास लागतात ते लिहा. हे आकडे इंटरनेटवरून घेऊ नका. आपल्या शाळेत गेल्या वर्षी त्याच शिक्षकांकडे तो विषय घेतलेल्या दोन-तीन मुलांना विचारा. एक फार हुशार आणि एक आपल्या मुलीसारखी, अशा दोघींना तरी विचाराच. एकाच शाळेत एकाच विषयाचे दोन शिक्षक असले तरी घरकामात दुपटीचा फरक पडू शकतो.

आमच्या नमुन्यात एपी यूएस हिस्टरी ६, एपी लँग्वेज (इंग्रजी वाचन-लेखन) ४, एपी केमिस्ट्री ६, ऑनर्स प्रीकॅल्क्युलस ४, स्पॅनिश ३ आणि एपी कॉम्प्युटर सायन्स ४. बेरीज २७. त्यावर एसएटीच्या तयारीचे २ धरले की २९. हातात २२. रोज एक तासाची तूट, आणि ती भरून निघेल ती झोपेतूनच.

इथे काटछाट करायची ती मुलीला काय आवडतं आणि पुढे काय करायचं आहे ते बघून. या मुलीला इतिहास आणि लिखाण मनापासून आवडतं, कॉम्प्युटर सायन्स "सगळे घेतात" म्हणून यादीत आलं आहे. ते काढलं की ४ तास सुटले. केमिस्ट्री एपीऐवजी ऑनर्स घेतली तर ६चे ३ झाले. आता बेरीज २२. दोन एपी, दोन ऑनर्स, स्पॅनिश आणि एक स्टडी हॉल, म्हणजे शाळेतच अभ्यासाला मोकळा तास. व्हॉट्सॲपवर सांगायला हा आकडा लहान वाटतो. पण ऑक्टोबरातल्या मंगळवारी रात्री साडेदहाला तिच्या खोलीतला दिवा बंद झालेला असेल.

बँडचा हंगाम नोव्हेंबरात संपतो तेव्हा वसंतात तास मोकळे होतात. उलट रोबोटिक्सवाल्यांचा खरा भार जानेवारीत सुरू होतो आणि मार्च-एप्रिलच्या स्पर्धांपर्यंत चढत जातो, म्हणजे एपीच्या उजळणीच्या अगदी तोंडाशी. म्हणून हा तक्ता दोनदा मांडा, एकदा ऑक्टोबरचा आणि एकदा मार्चचा. जो महिना जास्त घट्ट असेल त्याच्यावरून विषय ठरवा.

चौथं काम: कष्ट कोणत्या जातीचे आहेत ते बघा

तास सारखे असले तरी थकवा सारखा नसतो. माझ्या मते विषयांची यादी करताना ही गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते, म्हणून इथे जरा थांबते.

इतिहासाचे एपी वाचनाचे असतात. दर आठवड्याला पाठ्यपुस्तकाची तीस-चाळीस पानं वाचायची आणि त्यावर लिहायचं. यूएस हिस्टरी किंवा वर्ल्ड हिस्टरीच्या परीक्षेतला डीबीक्यू (डॉक्युमेंट-बेस्ड क्वेश्चन) नावाचा प्रश्न घ्या. समोर सात कागद येतात: एखादं पत्र, व्यंगचित्र, भाषणाचा तुकडा, कधी एखादा तक्ता. सुचवलेला वेळ एक तास, त्यात पहिली १५ मिनिटं वाचायला. तेवढ्यात आपला मुद्दा ठरवायचा, कागदांचा आधार द्यायचा, लिहिणारा कोण आणि का लिहितोय हे ओळखायचं, आणि कागदांत नसलेली एखादी गोष्ट स्वतःच्या माहितीतून आणायची. ज्या मुलाला वाचायला वेळ लागतो त्याला पाठांतर कितीही असलं तरी इथे दम लागतो. एपी लँग्वेजच्या परीक्षेत सव्वादोन तासांत तीन निबंध असतात. यूएस हिस्टरी, लँग्वेज आणि त्याच वर्षी आणखी एखादा वाचनाचा एपी असे तिन्ही एकत्र आले की रात्रीचं वाचन संपतच नाही. अशांतले दोन पुरे.

गणित आणि फिजिक्सचं कष्ट वेगळं. तिथे वाचन कमी, पण एखाद्या प्रश्नावर पाऊण तास अडकून बसावं लागतं आणि त्यासाठी डोकं ताजं लागतं. रात्री अकरानंतर कॅल्क्युलस होत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. मुलं उदाहरण सोडवतात, पण सकाळी ते कसं सोडवलं ते सांगता येत नाही.

कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसीबद्दल बरेच पालक विचारतात. बीसीमध्ये एबीचा सगळा भाग असतो आणि त्यावर अनंत श्रेणी, पोलर आणि पॅरामेट्रिक वक्र वगैरे जास्तीचं. बीसीच्या परीक्षेत एबीपुरते गुण वेगळेही कळतात. प्रीकॅल्क्युलस ऑनर्समध्ये सहज ए मिळत असेल आणि बीजगणित हाताला बसलेलं असेल तर थेट बीसी घ्यायला हरकत नाही. प्रीकॅल्क्युलसमध्ये शिकवणी लावून बी झाला असेल तर एबी घ्या. अनंत श्रेणी येईपर्यंत बीजगणितातली ढिलाई झाकून राहते आणि फेब्रुवारीत एकदम उघडी पडते.

फिजिक्समध्येही नावाने फसायला होतं. फिजिक्स १ बीजगणितावर चालतं म्हणून ते सोपं असं वाटतं. प्रत्यक्षात सुरू झाल्यापासून बहुतेक वर्षी त्यात ३ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली राहिलं, कारण प्रश्न सूत्रात आकडे घालण्याचे नसतात, कारण समजावून लिहिण्याचे असतात. फिजिक्स सीला कॅल्क्युलस लागतं, त्यामुळे ते कॅल्क्युलसच्या बरोबर किंवा नंतरच घ्यावं.

बायोलॉजी, केमिस्ट्रीत लॅब असते आणि लॅबचे रिपोर्ट असतात. एकाच वर्षी दोन लॅबवाले एपी घ्यायचे असतील तर त्या वर्षी वाचनाचा जड एपी नको. ह्यूमन जिऑग्रफी, सायकॉलॉजी, एन्व्हायर्नमेंटल सायन्स हे तुलनेने हलके मानले जातात आणि पहिला एपी म्हणून बरे पडतात. नुसता आकडा वाढवायला ते तीनही घेऊ नका. आवड असेल तर एक घ्या आणि त्यात नोट्स काढायची, वेळ धरून लिहायची सवय करा.

कॉलेज बोर्डाच्या साइटवर प्रत्येक एपीचा संपूर्ण अभ्यासक्रम आणि मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न फुकट मिळतात. फॉर्म भरण्याआधी त्या त्या विषयाचा एक जुना प्रश्न मुलाला नुसता वाचायला द्या. उत्तर येण्याचा प्रश्नच नाही. त्याचा चेहरा बघा, आणि "हे वर्षभर करायला आवडेल का?" एवढंच विचारा.

पाचवं काम: चार वर्षांचा चढ आखा

नववीत शून्य किंवा एक एपी. नवी शाळा, नवे मित्र, आठ वेगवेगळे शिक्षक, एवढंच त्या वर्षी पुष्कळ असतं. ऑनर्स इंग्लिश आणि गणितात चांगली घडी बसली म्हणजे वर्ष सार्थकी लागलं.

दहावीत एक किंवा दोन. इथे मुलाला स्वतःचा अंदाज येतो आणि तुम्हालाही येतो. दहावीत एका एपीत ए मिळवून झोपही नीट होत असेल तर अकरावीत वाढवा. एकानेच दमछाक झाली तर अकरावीत चार घेऊन ती कमी होणार नाही.

अकरावी सगळ्यात जड. एसएटी किंवा एसीटी, पुढारीपणाची पदं, ड्रायव्हिंगचं लायसन्स, सगळं त्याच वर्षी येतं. बहुतेक मुलांना तीनच्या आसपास एपी पेलतात. चार पेलणारी मुलं असतात, त्यांना बहुधा कोणी सांगावं लागत नाही.

बारावी हलकी असं समजून पाच-सहा एपी ठेवू नका. सप्टेंबर ते डिसेंबर कॉलेजचे अर्ज चालू असतात. अर्ली अर्जांची तारीख बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि रेग्युलरच्या तारखा जानेवारीच्या सुरुवातीला. दहा-बारा कॉलेजांचे निबंध म्हणजे वेळेच्या हिशेबात एक पूर्ण एपी, तक्त्यात तो तसाच लिहा. पण सगळं सोडूनही देऊ नका, कारण पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड कॉलेजला जातात आणि वर्षाअखेरचेही मागवले जातात.

गणिताचा जिना मिडल स्कूलमध्येच ठरत जातो. आठवीत अल्जिब्रा १ झालं तर जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस करत बारावीत कॅल्क्युलस येतं. सातवीत केलं तर अकरावीत. आपल्या घरांत मुलाला आणखी एक वर्ष पुढे ढकलण्यासाठी उन्हाळ्यात जॉमेट्री उरकून घ्यायची टूम आहे. मला ती पटत नाही. सहा आठवड्यांत उरकलेली जॉमेट्री सिद्धतेची सवय लावत नाही, आणि इंजिनिअरिंगला जायचं तरी बारावीत नीट समजून केलेलं कॅल्क्युलस पुरतं.

सहावं काम: घरातलं बोलणं आणि काउन्सेलरची भेट

तक्ता पूर्ण झाला की मुलाशी बोला. बोलण्याची सुरुवात आकड्याने करू नका. एका घरात झालेला संवाद मला फार आवडला होता:

"आई, सगळे बायो एपी घेतायत."
"तुला बायो आवडतं का?"
"ओके आहे."
"आणि आर्ट?"
"आर्ट मला पाहिजे. पण ते ऑनर्स पण नाहीये."
"तक्त्यात बसतंय ना? मग लिही."

वडील समोरच बसले होते. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, हे विशेष.

घरातल्या दोन मोठ्यांचं आपसात आधी ठरलेलं हवं. आई तीन म्हणते आणि बाबा पाच, अशा वेळी मूल दोघांनाही खूश करायला चार लिहून येतं आणि त्यात त्याचं स्वतःचं मत कुठेच नसतं.

शेजारपाजारचं दडपण खरं असतं आणि ते एकट्याने झेलायची गरज नाही. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टमध्ये, जिथे भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, २०१५मध्ये सुपरिंटेंडंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानांचं पत्र लिहिलं. मुलांवर येणारा ताण डिस्ट्रिक्टला दिसत होता. हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाशिवायच्या ठरल्या. पालकांत त्यावरून सरळ फूट पडली आणि विरोध करणाऱ्यांत आशियाई पालक बरेच होते. त्यांची काळजी मला कळते. आपण परक्या देशात मार्कांच्या जोरावर उभे राहिलो, तोच जोर मुलांच्या हातात असावा असं वाटतं. पण इथे जन्मलेल्या मुलाला व्हिसाची भीती नाही. आपली भीती त्याच्या वेळापत्रकात भरू नये, एवढं तरी आपल्याला जमायला हवं.

काउन्सेलरला भेटायला मुलाने जावं, जमल्यास एकट्याने. जाताना हे प्रश्न लिहून न्यावेत: आपल्या शाळेत 'मोस्ट डिमांडिंग'साठी काय लागतं? या विषयाला उन्हाळ्यातला गृहपाठ असतो का? जड वाटला तर एपीतून ऑनर्समध्ये कधीपर्यंत उतरता येतं आणि ऑनर्सच्या वर्गात तेव्हा जागा असते का? उतरल्यावर आधीचा ग्रेड बरोबर येतो का? ट्रान्सक्रिप्टवर त्याची नोंद होते का? तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरं शाळेगणिक फार वेगळी असतात, म्हणून ती ईमेलवर लेखी घ्या.

शिक्षकाने एपीसाठी शिफारस केली नसेल तर बऱ्याच शाळांत पालकाच्या सहीने ती डावलता येते. सही करण्याआधी त्या शिक्षकाला एकदा भेटा. वर्षभर रोज मुलाची वही बघणाऱ्या माणसाला काहीतरी दिसलेलं असतं.

सातवं काम: सप्टेंबरात पुन्हा बघा

शाळा सुरू झाल्यावर पहिले तीन-चार आठवडे तोच तक्ता फ्रिजवर लावा आणि प्रत्यक्षात लागलेले तास मुलाला शेजारी लिहू द्या. एखाद्या विषयाला ठरल्यापेक्षा दोन तास जास्त लागत असतील तर वाट बघा, सुरुवातीला तसं होतं. दुप्पट लागत असतील, सलग दोन टेस्टमध्ये सी असेल, सकाळी उठवत नसेल, जेवणावरून लक्ष उडालं असेल, आवडीचं वाद्य आठवडाभर पेटीतून बाहेर निघालं नसेल, तर मुदत संपायच्या आत काउन्सेलरला लिहा. मुलाने आधी त्या शिक्षकाकडे एक्स्ट्रा हेल्पला जावं, कधी कधी अडचण विषयाची नसून नोट्स काढण्याची असते आणि ती आठवड्याभरात सुटते. पण मूल सतत उदास असेल, जगण्यातच अर्थ नाही असं बोलत असेल, तर विषयांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ९८८ या क्रमांकावर फोन किंवा मेसेज केला तर देशभर कुठूनही, कोणत्याही वेळी मदत मिळते.

विषय सोडण्याच्या दोन मुदती असतात. पहिल्या मुदतीत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच राहत नाही. त्यानंतर सोडला तर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, दिसतो. एक डब्ल्यू आणि बाकी सगळीकडे चांगले ग्रेड, हे सहा विषयांत ओढाताण होऊन आलेल्या बी-सींपेक्षा नक्कीच बरं. एपीतून ऑनर्समध्ये उतरणं तर त्याहून सोपं, कारण विषय सुटत नाही.

परीक्षेची नोंदणी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत शाळेतून होते. एका परीक्षेची फी १०० डॉलरच्या आसपास आहे. नोंदणी करून परीक्षा दिली नाही तर ४० डॉलर कापले जातात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सवलत असते, काही राज्यं आणि डिस्ट्रिक्ट पूर्ण फी भरतात, तेव्हा ऑफिसात विचारा. वर्ग घेतला म्हणून परीक्षा दिलीच पाहिजे असं कॉलेज बोर्डाचं म्हणणं नाही, काही शाळांचा मात्र तसा नियम असतो.

बारावीत बदल करत असाल तर एक काळजी घ्या. कॉलेजला अर्जात जे विषय लिहून पाठवले त्यांतला एखादा नंतर सोडला किंवा पातळी उतरवली, तर ते त्या कॉलेजला कळवावं लागतं. काही ठिकाणी आधी परवानगीही लागते. ईमेल मुलाने स्वतः करावा, चार ओळींचा: कोणता विषय बदलला, त्याऐवजी काय घेतलं, कारण एका वाक्यात, आणि काउन्सेलरचा पत्ता सीसीमध्ये. उत्तर येईपर्यंत जुन्या वर्गात बसत राहावं.